स्लॅबवरच्या घराखाली शीत तळघर की अंगणात साठवणीची खोली? पुण्यातील घरमालकांसाठी तुलना

पुण्यात स्वतःचा बंगला असलेल्या अनेक कुटुंबांना वर्षाचा कांदा-लसूण, पोत्याने घेतलेले बटाटे आणि आंब्याच्या पेट्या ठेवण्यासाठी थंड, अंधारी जागा हवी असते. अंगण अपुरे पडले की घराखाली तळघर खोदण्याचा विचार पुढे येतो. घर जमिनीवरच ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभे असेल, तर हा निर्णय घेण्यापूर्वी इतर पर्यायही शेजारी मांडून पाहिले पाहिजेत, आणि खर्चाचा आकडा काढण्याच्याही आधी पुण्याच्या जमिनीखाली खरोखर थंडावा मिळतो का, हे तपासले पाहिजे.

काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास स्थिरावते. उत्तर युरोपात ही सरासरी १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्यामुळे तिथले तळघर विजेशिवाय बटाटे आणि सफरचंदे हिवाळाभर टिकवते. पुण्याची सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे. एप्रिलमध्ये बाहेर ३८ अंश असताना तळघरातील २५-२६ अंश सुखद वाटतात, परंतु खाण्याचे बटाटे मोड न येता काही महिने टिकण्यासाठी साधारण ८ ते १२ अंश लागतात, आणि तेवढी थंडी केवळ खोदून मिळत नाही. कांद्याची गोष्ट वेगळी आहे. तो २५ ते ३० अंशांत चांगला राहतो, मात्र त्याला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि सतत खेळती हवा लागते. पावसाळ्यातील दमट हवा तळघरात उतरून थोडी थंड झाली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी वाढते, त्यामुळे ज्या मालाला तळघराचे तापमान मानवते, तोच माल तिथल्या ओलीने सडतो. या एका कारणासाठीच मला पुण्यातले विनावीज शीत तळघर पटत नाही.

बांधकामाची बाजू याहून अवघड आहे. आपल्याकडील जुन्या बंगल्यांत फरशी उचलली की खाली कोबा म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, त्याखाली सोलिंग म्हणजे रचलेल्या दगडांचा थर आणि मुरमाची भर सापडते. या तळाला सहसा सळई नसते, त्यामुळे खालची भर काढली तर तो अधांतरी राहू शकत नाही. राफ्टमध्ये, म्हणजे संपूर्ण घराखाली पाया म्हणून ओतलेल्या सलग जाड स्लॅबमध्ये, सळई असते, परंतु जमिनीचा दाब खालून वर येतो हे गृहीत धरून ती बसवलेली असते. खालची माती काढताच भाराची दिशा उलटते, आणि दोन भिंतींच्या मध्यभागी स्लॅबला ताण जिथे पडतो तिथेच सळई कमी भरते. म्हणून भिंतींखाली मीटर-दीड मीटरचे तुकडे पाडून, एका आड एक, नवा आधार देत खाली जावे लागते, आणि प्रत्येक तुकड्यातील काँक्रीट पुरेसे पक्के होईपर्यंत शेजारच्याला हात लावता येत नाही. हे काम संरचना अभियंत्याच्या आराखड्याशिवाय आणि महापालिकेच्या परवानगीशिवाय सुरूच करू नये. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराची उंची किमान २.४ मीटर हवी, त्यामुळे गुडघाभर खोदून भागत नाही.

तेवढ्या खोलीत पुण्यात बहुधा काळा पाषाण लागतो. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचे लेणे याच पाषाणात कोरलेले आहे, यावरून त्याच्या कणखरपणाची कल्पना यावी. राहत्या घराखाली ब्रेकर चालवला तर त्याचे हादरे शेजारच्या भिंतींनाही बसतात. शिवाय अखंड पाषाणातून पाणी जात नसले, तरी त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून ते वाहते, आणि खडकात कोरलेला खड्डा त्या पाण्यासाठी हौदच ठरतो. नवीन बांधकामात भिंतींना बाहेरून शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे पाणी अडवणारे फरशीचे आवरण, करता येते. उभ्या घराखाली बाहेरची बाजू उघडी नसल्याने लेप आतून द्यावा लागतो, आणि मागून दाबणारे पाणी तो हळूहळू सोडवते. पंप बसवला तरी ऐन पावसात वीज गेली की तो बंद पडतो.

आता अंगणातील पर्याय पाहू. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या शून्य ऊर्जा शीतकक्षात विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ७.५ सेंटिमीटर वाळू भरून ती ओली ठेवतात, आणि वर वाळ्याचे किंवा गवताचे ओले झाकण घालतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांहूनही अधिक उतरू शकते. भाजी, लिंबे आणि पिकते आंबे यांसाठी तो उत्तम आहे, कांद्यासाठी मुळीच नाही, आणि जुलैत तो जवळजवळ निरुपयोगी होतो. कांदा-लसणासाठी जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूंनी हवा घेणारी छोटी चाळ पुरते, आणि याचे मार्गदर्शन पुणे जिल्ह्यातच राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्थेकडे उपलब्ध आहे.

बटाटे खरोखर महिनोन्‌महिने ठेवायचे असतील, तर पफ पॅनेलची (मध्ये उष्णतारोधक फोम भरलेल्या पत्र्यांची) लहान खोली आणि तिला योग्य शीतयंत्र हाच खात्रीचा मार्ग आहे. तिला वीजबिल येते हे खरे, परंतु तळघरात बटाट्यांजोगती थंडी आणायची तरी तेच यंत्र बसवावे लागेल, आणि खोदाईचा खर्च वर पडेल.

जमिनीखालच्या साठवणीची परंपरा आपल्याकडे आहे, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीत खोदलेली कोठारे, प्रसिद्ध आहेत. मात्र पेवात कोरडा माल हवाबंद करून ठेवला जात असे, आणि तो टिकण्याचे श्रेय तिथल्या मातीला आहे, गारव्याला नाही. पेव उघडल्यावर आतील दूषित हवा जाऊ दिल्याशिवाय त्यात उतरत नसत. बंदिस्त तळघरातही माल हवेतील प्राणवायू वापरत असतो, म्हणून तिथे हवा येण्याची आणि जाण्याची स्वतंत्र नळी अनिवार्य आहे.

तळघर योग्य ठरते ते नवे घर उतारावर बांधताना, जिथे एक बाजू उघडी राहते आणि पाणी पंपाविना निघून जाते. उभ्या घराखालीच हवे असा आग्रह असेल, तर आधी अंगणात, पायापासून दूर, अडीच मीटरचा चाचणी खड्डा उन्हाळ्यात घ्यावा, त्याला कठडा आणि झाकण करावे, आणि पूर्ण पावसाळाभर त्यातील पाण्याची पातळी व तापमान नोंदवावे. ऑगस्टमध्ये त्यात पाणी उभे राहिले, तर आराखड्यावर पैसे खर्च करण्याचे कारण उरत नाही.