फरशीखालचं काम : चौदा महिन्यांनंतर

बाथरूमची फरशी बदलून चौदा महिने झाले, किचनची बदलून अकरा. घरी येणारा प्रत्येक जण टाइल्स कुठून आणल्या ते विचारतो. मोरबीच्या आहेत, बाजारात बहुतेक तिथल्याच मिळतात, त्यात विशेष काही नाही. मला बोलायचंय ते त्यांच्या खाली काय आहे त्याबद्दल.

आमची इमारत डोंबिवलीत, तीस वर्षांची जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली आणि पोपडे त्यांच्या बादलीत पडायला लागले, तेव्हा हे सुरू झालं. पहिला मिस्त्री म्हणाला, "ताई, जुन्या फरशीवरच नवी चिकटवू, दोन दिवसांत मोकळे." त्याने गळती थांबणार कशी, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. शिवाय फरशी अर्धा-पाऊण इंच वर येऊन बाथरूमचं पाणी पॅसेजमध्ये. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्याने स्लॅबपर्यंत सगळं उकरलं. आमच्या बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा मुद्दाम खाली घेतलेला, त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव आणि वर कोबा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा थर. ते तुकडे हातात घेतले तर चिंब! नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून खाली जातं तो भाग, जिथे पाइपला जोडला होता तो सांधा सुटलेला, आणि इतकी वर्षं आम्ही फरशीच्या फटांत पांढरं सिमेंट भरत बसलो होतो. राडारोड्याच्या सदतीस गोण्या निघाल्या. सोसायटीने लिफ्ट वापरू दिली नाही, तेव्हा बिगाऱ्याच्या मजुरीचा हिशोब आधीच धरा.

पुढचे बारा दिवस एकही टाइल लागली नाही, आणि घरातले सगळे माझ्यावर वैतागले. नवा ट्रॅप बसला. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुतला, तडे भरले, भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटचा वाटा मारला, म्हणजे कोपरा गोलसर केला, कारण काटकोनात लेप आधी फाटतो. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. लेप वाळल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी कोंडलं.

"चोवीस तास पुरे, ताई." मी अठ्ठेचाळीस सांगितले. भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी एका उथळ परातीत पाणी भरून ठेवलं, म्हणजे हवेने किती उडालं ते कळतं. परातीतलं आणि जमिनीवरचं पाणी सारखंच उतरलं तर लेप धरतोय. काकू दिवसातून चार वेळा टॉर्च मारून छत बघत होत्या. भराव आणि उताराचा कोबा झाल्यावर त्यावरही लेप मारून पुन्हा एकदा पाणी कोंडलं. कामानंतरचा हा दुसरा पावसाळा चालू आहे, खालचं छत कोरडं आहे. काकूंनी रंगही काढून घेतला.

उतार हा वेगळाच विषय. दारापासून ट्रॅपपर्यंत सात फूट, त्यात साधारण एक इंच ढाळ दिला. टाइल्स मुद्दाम बारा इंची घेतल्या. दोन बाय दोन फुटांची मोठी टाइल छोट्या बाथरूममध्ये चारी बाजूंनी उतार घेत नाही, मग कापाकापी होते किंवा पाणी साचतं. तरी कमोडमागे चमचाभर पाणी राहतंच. तिथे पाणसळ लावायला जागा नव्हती आणि मीही डोकावले नाही. दाराशी ग्रॅनाइटचा उंबरा आणि बाथरूमची जमीन पॅसेजपेक्षा अर्धा इंच खाली, याचा उपयोग मात्र रोज होतो.

आता किचन, जिथे माझी अक्कल गहाण पडली. पैसे परत जमेपर्यंत ऑगस्ट उजाडला आणि गणपती तोंडावर. जुनी शहाबादी काढल्यावर खालचा थर एका बाजूला भुसभुशीत होता. तो काढून नवा कोबा करून वाळू द्यायला हवा होता. "वरून माल टाकून लेव्हल करतो," मिस्त्री म्हणाला, आणि मोदकांच्या काळजीने मी हो म्हटलं. त्यातून टाइल व्हिट्रिफाइड. ती पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळे साध्या सिमेंटला नीट धरत नाही. तिला अॅडेसिव्हच लागतं आणि ते दातेरी थापीने पूर्ण पसरावं लागतं. बाथरूममध्ये तसं केलं होतं. किचनमध्ये अॅडेसिव्ह संपत आलं तेव्हा शेवटच्या दोन रांगांना कोपऱ्यांवर गोळे ठेवून काम भागवलं.

फेब्रुवारीत फ्रिजसमोरची एक टाइल पायाखाली टकटक वाजायला लागली. नाणं घेऊन सगळी जमीन ठोकली तेव्हा चार पोकळ निघाल्या, चारही त्याच दोन रांगांतल्या. सिलिंडर सरकवताना एकीचा कोपरा उडाला. जपून ठेवलेल्या सहा टाइल्स आता उपयोगी पडतील, कारण त्या छटेचा माल दुकानात संपलाय.

ग्राउटबद्दल, म्हणजे टाइल्सच्या फटांत भरतात त्या मालाबद्दल, थोडंच. बाथरूममध्ये एपॉक्सी, म्हणजे रेझिनचं, घातलं, महाग पडलं, पण अजून काळं पडलेलं नाही. किचनमध्ये साधं सिमेंटचं, आणि गॅसच्या ओट्याखाली ते हळदीने पिवळं झालंय. एपॉक्सी भरताना मागोमाग पुसणारा माणूस हवा. आमच्याकडे एका कोपऱ्यात तो जेवायला गेला होता, तिथला धुरकट थर अजून निघालेला नाही.

चार टाइल्स उकरून खालचा कोबा नव्याने करायला तोच मिस्त्री तयार आहे. या रविवारी येतो म्हणाला. मी त्याला विसर्जनानंतरची तारीख दिली आहे.