कलनाच्या झेरॉक्स नोट्स : उदाहरणे चोख, अनंत सीमेची व्याख्या सैल

आर्वीत बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बी.एस्सी. प्रथम वर्षासाठी मराठीतून लिहिलेल्या कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) स्पायरल नोट्स मिळतात. आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या परवडतात, अक्षर सुवाच्य आहे आणि अवकलनाची उदाहरणे एकही पायरी न गाळता सोडवलेली आहेत. तक्रार आहे ती अनंत सीमेच्या पानाबद्दल. क्ष एखाद्या संख्येच्या पुरेसा जवळ नेला की फ(क्ष) या फलाची (फंक्शनची) किंमत कोणत्याही ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जाते, तेव्हा तेथे त्याची सीमा (लिमिट) अनंत आहे असे म्हणतात.

‘क्ष हा अ च्या जसजसा जवळ जातो तसतसे फ(क्ष) वाढत जाते, म्हणून सीमा अनंत’ अशी व्याख्या तेथे दिली आहे. या व्याख्येप्रमाणे पाहिले तर क्ष शून्याकडे जाताना १ − क्ष² हे फलही वाढतच जाते. मात्र ते १ च्या पुढे कधीच जात नाही. उलट (२ + साइन(१/क्ष))/क्ष² हे फल शून्याजवळ सतत वरखाली होत असूनही त्याची सीमा अनंतच आहे, कारण ते १/क्ष² पेक्षा कधीच लहान नसते. तेव्हा नुसते ‘वाढणे’ पुरेसेही नाही आणि आवश्यकही नाही.

कोणतीही धन संख्या एम दिली असता अशी एक धन संख्या डेल्टा मिळते, की ० < |क्ष − अ| < डेल्टा असणाऱ्या प्रत्येक क्ष साठी फ(क्ष) > एम असते, असे तेथे हवे होते. यात एम आधी आणि डेल्टा नंतर, हा क्रम मोडता येत नाही. सर्व एमसाठी एकच डेल्टा मागितला, तर कोणतेच फल ती अट पाळू शकणार नाही. गंमत म्हणजे पुढच्याच पानावरील १/क्ष² च्या उदाहरणात लेखकाने हा क्रम बिनचूक पाळला आहे : एम = १०,००० दिल्यावर डेल्टा = १/१०० घेतला आहे.

छपाईचा दोष त्याहून घातक आहे. माझ्या प्रतीत या उदाहरणातील केवलमूल्याच्या, म्हणजे धन-ऋण चिन्ह सोडून संख्येचे मूल्य दाखवणाऱ्या, उभ्या रेषा उमटलेल्याच नाहीत, त्यामुळे अट ० < क्ष < डेल्टा अशी, म्हणजे केवळ उजव्या बाजूची वाचली जाते. तशी वाचल्यास शून्यापाशी १/क्ष ची सीमाही अनंत ठरेल. प्रत्यक्षात डावीकडून ते फल उणे अनंताकडे जाते.

नोट्स घ्याव्यात, पण दुकानदाराकडून मूळ प्रत मागून हे पान तिच्याशी ताडून पाहावे, आणि व्याख्या मात्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तकातून उतरवून घ्यावी.