ग्रिलमधला झेंडू: टपोरा की मखमली?

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये दसऱ्याच्या बेताने झेंडू फुलवायचा असेल, तर टपोरा आफ्रिकन लावावा की बुटका मखमली, म्हणजेच फ्रेंच, हे जुलैतच ठरवावे लागते. मी दोन्ही लावून पाहिले आहेत आणि माझा कल मखमलीकडे आहे. अर्थात माझे खिडकीचे ग्रिल पश्चिमेला, भर पावसाच्या तोंडावर आहे, हे ध्यानात घ्यावे.

रूपात टपोऱ्याची बरोबरी होत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. ‘पुसा नारंगी’ या टपोऱ्या जातीचे भरगच्च फूल तोरणात आंब्याच्या पानांमध्ये ओवले की दार भरून दिसते. अडचण त्या भरगच्चपणातच आहे. पाकळ्यांच्या दाटीत शिरलेले पाणी लवकर निथळत नाही. फूल जड होते, देठ वाकतो, आणि वरून ताजे दिसणारे फूल बोटांनी दाबले की आतून तपकिरी, लिबलिबीत लगदा निघतो. रोप कमरेपर्यंत वाढत असल्याने वाऱ्यात काठीचा आधारही पुरत नाही. एवढे मी चालवूनही घेतले असते. परंतु त्या कुजक्या पाकळ्यांचे पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकू लागले, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मखमलीचे रोप वीत-दीड वीत उंचीचे. फुले लहान, तांबूस पाकळ्यांची आणि विरळ असल्याने सर ओसरली की लवकर सुकतात. एखादे कुजलेच, तर ते नखाने खुडावे. खालच्या फुटव्यांवर नव्या कळ्या येतात. हारापुरती फुले मात्र एकदम कधी मिळत नाहीत. याच्या मुळांतील द्रव्यांमुळे जमिनीतील सूत्रकृमी, म्हणजे टोमॅटोसारख्या रोपांच्या मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी, आटोक्यात राहतात हे खरे असले, तरी टोमॅटो वेगळ्या कुंडीत असेल तर मखमलीचा त्याला उपयोग नाही. लाल कोळी ही कीड टपोरा आणि मखमली दोन्हींवर येते, त्यात डावे-उजवे करण्यासारखे काही नाही.

मोकळी गच्ची असेल, किंवा वसईकडे अंगण असेल आणि खाली कोणाची दोरी नसेल, तर टपोरा जरूर लावावा. मी ग्रिलमध्ये मखमलीच ठेवतो आणि तोरणासाठीचा टपोरा दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारातून आणतो. तिथे मात्र सकाळी लवकर जावे, कारण दुपारनंतर बहुधा चेंगरलेलाच माल हाती येतो.