इंधनदाब-प्रवाहमापक: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरी बांधलेल्या दोन आसनी विमानात इंधनाचा दाब आणि प्रवाह एकाच पडद्यावर दाखवणारे यंत्र बसवून आता आठ महिने झाले आणि त्यावर सुमारे साठ तासांचे उड्डाणही झाले. इंजिन चार सिलिंडरांचे, दोन कार्ब्युरेटरांचे (इंधन हवेत मिसळून देणारे भाग) आहे. त्यावर यांत्रिक पंप असून त्याच्या मदतीला विजेवर चालणारा पंप आहे. दाब ०.१५ ते ०.४ बार (दाबाचे एकक) यांच्या दरम्यान राहावा, अशी मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली आहे. यंत्र घेतले ते खरे तर खप मोजण्यासाठी, पण उपयोग झाला तो बिघाड शोधताना.

दुसऱ्या महिन्यात एक विचित्र तक्रार सुरू झाली. जमिनीवर आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटे इंजिन अगदी सुरळीत चाले, आणि त्यानंतर पूर्ण थ्रॉटल देऊन चढू लागताच ते अडखळे. विजेचा पंप लावला की काही वेळ सावरे. मी सर्वप्रथम कार्ब्युरेटरांवर संशय घेतला, दोन्ही उतरवले, सुया तपासल्या, इंधन शोषून जड झाले असतील म्हणून फ्लोटचे, म्हणजे आतल्या तरंगत्या तुकड्यांचे, वजन केले, आणि सगळे ठीक असल्याचे पाहून पुन्हा बसवले. त्यात दोन शनिवार-रविवार गेले. यंत्रातील नोंदी आधीच नीट पाहिल्या असत्या तर ते वाचले असते, कारण नोंदीत दाब अचानक पडलेला नव्हता. तो ०.३० वरून मिनिटामिनिटाला थोडाथोडा उतरत ०.२२ पर्यंत आला होता आणि चढताना, खप वाढताच, ०.१४ वर गेला होता. इंधनाची वाफ झाली असती तर काटा थरथरला असता; इथे तो शांतपणे खाली सरकत होता. याचा अर्थ अडथळा पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला होता.

मग प्रवाहाची चाचणी घेतली. पंपावर चालणाऱ्या रचनेत टेक-ऑफच्या खपाच्या निदान १२५ टक्के, आणि केवळ गुरुत्वावर चालणाऱ्या रचनेत १५० टक्के इंधन मिळाले पाहिजे, हा सर्वमान्य निकष आहे. माझा टेक-ऑफचा खप ताशी २७ लिटर, म्हणजे ताशी सुमारे ३४ लिटर पुरेसे होते. कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून विजेच्या पंपाने दहा लिटर डब्यात काढले, तेव्हा पंधरा मिनिटे लागली. म्हणजे ताशी ४० लिटर. चाचणी उत्तम, आणि मी पुन्हा चक्रावलो. चूक लक्षात यायला एक दिवस गेला: इंधन मोजून ओतण्यासाठी मी टाकीचे झाकण उघडेच ठेवले होते. झाकण लावून तीच चाचणी केली तर धार हळूहळू बारीक होत गेली, आणि झाकण फिरवताच टाकीने हवा आत ओढल्याचा सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. इंधन कमी होईल तशी टाकीत हवा आत घेणाऱ्या हवानळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. आत बोटभर लांबीचा घट्ट गोळा होता आणि त्यातून जेमतेम हवा जात होती. आता तोंडाला बारीक जाळी आहे, शिवाय झाकणातही दुसरे छिद्र दिले आहे. दाब तासभराच्या उड्डाणानंतरही ०.३० च्या आसपास राहतो.

उन्हाळ्यात दुसरी गोष्ट दिसली. गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केले की आकडा ०.१ ते ०.३ मध्ये नाचत असे. ही मात्र वाफच होती. थांबलेल्या इंजिनाची उष्णता नळीतल्या इंधनात शिरते आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल त्या बाबतीत अधिक नाजूक असते. एक्झॉस्टजवळून जाणारी नळी दूर नेली, तिला अग्निरोधक आवरण घातले आणि वाफेला टाकीत परतण्यासाठी बारीक छिद्राची परतनळी दिली.

या परतनळीने यंत्राचाच एक दोष उघड केला, जरी तो माझ्या मांडणीचा आहे. प्रवाहाचा सेन्सर परतनळीच्या फाट्याआधी असल्याने परत जाणारे इंधनही खपात धरले जाऊ लागले. तो परतीचा प्रवाह जवळजवळ स्थिर असल्यामुळे यंत्रात भरलेला लिटरमागील स्पंदांचा आकडा (एका लिटरला सेन्सर किती स्पंद देतो तो) टक्केवारीने बदलून भागत नाही. कमी शक्तीवर चूक मोठी दिसते आणि पूर्ण शक्तीवर किरकोळ. सेन्सर फाट्यापुढे हलवल्यावर चार वेळा टाकी भरून पाहिली, तेव्हा फरक दोन टक्क्यांच्या आत आला.

यंत्राबद्दल तक्रारी दोन आहेत. रेडिओवर बोलताना दाबाचा आकडा उडी मारतो. सेन्सरची अर्थिंगची तार थेट इंजिनाला जोडल्यावर हे बरेच कमी झाले, पण पूर्ण गेले नाही. आणि धोक्याची सूचना केवळ ठरावीक मर्यादा ओलांडल्यावर मिळते, दाब सावकाश उतरत असल्याची मिळत नाही. म्हणून मी खालची मर्यादा ०.१५ ऐवजी ०.२२ वर लावून ठेवली आहे, आणि जमिनीवर विमान चालवताना कधीमधी उगाच लागणारा धोक्याचा दिवा सहन करतो.