रुग्णवाहिका: ठेक्याने की सरकारने स्वतः?

108 या रुग्णवाहिका सेवेचं पूर्ण खासगीकरण करावं का, या प्रश्नात एक गोष्ट निसटते: महाराष्ट्रात 2014 पासून पैसा सरकारचा आणि गाड्या चालवणारा ठेकेदार, अशीच व्यवस्था आहे. रुग्णाला ती मोफत मिळते.

खर्च: ठेक्यात पैसे कशाचे मोजता, यावर सगळं ठरतं. गाडीमागे दरमहा ठरावीक रक्कम दिली, तर गाडी उभी राहिली तरी बिल निघतं. फेरीमागे दिली, तर खोट्या फेऱ्या नोंदवण्याचा मोह होतो. म्हणून जीपीएसची नोंद रुग्णालयाच्या केसपेपरशी जुळवल्याशिवाय बिल काढूच नये.

देखभाल: सरकारी गाडीची क्लचप्लेट गेली की दरपत्रकं, मंजुरी, मग गॅरेज, तोवर गाडी आवारात. ठेकेदार ती लवकर बदलतो, पण ठेक्याची मुदत संपत आली की टायर, डिफिब्रिलेटरच्या (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) बॅटऱ्या यांवरचा खर्च आधी तोच थांबवतो. शेवटच्या वर्षी तपासणी दरमहा हवी.

मनुष्यबळ: दोन्हीकडे बरेच जण कंत्राटी, दोन्हीकडे पगार रखडू शकतो.

दाट वस्ती आणि भरपूर कॉल असतील, तिथे दंडाची अट घालून ठेका चालेल. मेळघाट, धडगावसारख्या डोंगराळ आदिवासी भागात कॉल कमी, अंतरं मोठी. तिथे गाडी आरोग्य केंद्राच्याच ताब्यात हवी. कॉल घेऊन गाडी पाठवणारा नियंत्रण कक्ष मात्र कुठेही ठेकेदाराकडे देऊ नये.