निशिगंधाचे कंद घेताय? आधी एक मधोमध चिरून बघा

सोसायटीच्या कुंपणालगतचे वाफे यंदा गणपतीपर्यंत निशिगंधाने भरायचे असं आम्ही ठरवलं होतं. कुणाकडून तरी एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. ‘शेतावरचे डबल प्रज्वल, याच मोसमात फुलणार, हमी माझी,’ असं तो छातीठोकपणे म्हणाला. एका कंदाला बारा रुपये, तीनशे कंद, सगळे पैसे आगाऊ. एप्रिलअखेर पोतं आलं.

प्रज्वल हा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा वाण आहे, आणि तो सिंगल आहे, म्हणजे फुलाला पाकळ्यांची एकच ओळ. डबल, म्हणजे अनेक ओळींचा, हवा तर सुवासिनी किंवा वैभव. त्यामुळे ‘डबल प्रज्वल’ विकणारा एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड.

पण खरी लबाडी पोत्यात होती. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. फुलांचा दांडा येऊन गेला की त्या कंदाचं काम संपतं. पुढची फुलं त्याच्या बगलेत धरलेली पिल्लं, म्हणजे छोटे नवे कंद, देतात. म्हणूनच दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरतात, पिल्लं सुटी करतात आणि जाडजूड तेवढी पुन्हा लावतात. या माणसाने चांगली पिल्लं काढून घेतली आणि फुलून गेलेले जुने कंद लाल मातीत घोळवून आमच्या माथी मारले. वरून दिसायला चांगले मोठे! माती धुतल्यावर प्रत्येकाच्या मधोमध वाळलेल्या दांड्याचा पोकळ खुंट दिसला, भोवती पिल्लं तोडल्याच्या खुणा. तळाशी हरभऱ्याएवढी पिल्लं भरीला टाकलेली. ती फुलायला वर्ष-दोन वर्षं जातात.

पावसाळाभर पातच वाढली, दांडा एकही नाही. फोन केला तर म्हणे, ‘पहिल्या वर्षी जमीन लागत नाही.’ बारीक पिल्लांच्या बाबतीत हे अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणूनच लोक गप्प बसतात. नंतर त्याने फोन उचलणंच सोडलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. वर्गणी काढून, हौसेने वाफे खणणाऱ्या आमच्याकडच्या आजी-आजोबांचा हिरमोड झाला, त्याचा मला जास्त राग आहे.

तुम्ही घेणार असाल तर कंद धुऊन मागा. दीड ते तीन सेंटीमीटर जाडीचा, हाताला टणक, टोकदार शेंड्याचा आणि मधे खुंट नसलेला कंद घ्या. एखादा समोर उभा चिरायला लावा: आत पांढरा स्वच्छ हवा, तपकिरी किंवा पोकळ नको. लांबून मागवत असाल तर चिरतानाचा व्हिडिओ मागा आणि निम्मे पैसे माल बघून द्या. विक्रेता कां-कूं करायला लागला तर सौदा तिथेच सोडा. आसपास कुणाकडे तीन वर्षांचा दाटलेला वाफा असेल तर आधी तिथे विचारा. दाटलेला वाफा त्यांनाही विरळ करायचाच असतो.