मायक्रोवेव्ह डायजेशन सिस्टीम: वॉरंटी संपल्यानंतरचा अनुभव

वॉरंटी संपली आणि पाठोपाठ कंपनीचं प्रेशर डिस्कचं नवं कोटेशन आलं. आकडा बघून हे लिहायला बसलो. मशीनचं काम एवढंच: बंद भांड्यांत (व्हेसल) नमुना ॲसिडसह तापवून विरघळवायचा, म्हणजे त्यातले धातू मोजता येतात. रोटर (व्हेसल ठेवायचा फिरता स्टँड), वॅटेज, टचस्क्रीन वगैरे ब्रोशरमध्ये सगळं आहे, ते तिथेच वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आमचं काम अंटार्क्टिकातल्या शिर्माकर ओॲसिस या बर्फाबाहेरच्या खडकाळ भागातल्या लायकेन (बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव) आणि मॉसचं. त्यांच्यातलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल, जस्त मोजायचं. यांना ना मुळं, ना वरून मेणाचा थर, त्यामुळे हवेतून येईल ते अंगात साठतं. भारताचा मैत्री आणि शेजारचा रशियन नोवोलाझारेव्स्काया, या दोन तळांवरच्या डिझेल जनरेटरचा आणि गाड्यांचा माग त्यातूनच काढायचा. पण माल किती मिळतो? अम्बिलिकॅरिया हे तिथलं लायकेन वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाही. तोडायला अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरण प्रोटोकॉलखाली परवाना लागतो, आणि संपलं की पुढच्या मोहिमेपर्यंत हात चोळत बसायचं. त्यामुळे व्हेसलमध्ये पाव ग्रॅम पूड टाकतानाही हात आखडतो.

आता डिस्क. व्हेसलच्या झाकणात ही पातळ चकती बसते. आतला दाब हद्दीबाहेर गेला की ती फाटते आणि वाफ बाहेर पडते. सुरक्षेसाठी हवीच, वाद नाही. पण आमच्याकडे तापमान १८० अंशांवर जाण्याआधीच ती फाटायची. वाफेबरोबर ॲसिड जातं, ॲसिडबरोबर नमुना जातो. नंतर आर्सेनिक कमी दिसलं, तर ते हवेतच कमी होतं की झाकणातून उडालं, हे कोण सांगणार? शिवाय प्रत्येक डिस्क विकत. पुन्हा वापरता येत नाही.

सर्व्हिस इंजिनिअर आला, व्हेसलमध्ये नुसतं पाणी भरून रन लावला आणि म्हणाला, "सर, चालतंय की!" दाब वाढवतो तो लायकेन ॲसिडमध्ये विरघळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड, आणि तो पाण्यातून निघत नाही, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही. अंटार्क्टिकाचा माल त्याच्यासाठी वाया घालवणं शक्य नव्हतं. मग किराणा दुकानातून गोड्या मसाल्याचं दगडफूल आणलं. तेही लायकेनच. वाळवून पूड केली, नायट्रिक ॲसिड आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. बारा व्हेसलपैकी तिघांच्या डिस्क त्याच्या डोळ्यांसमोर फाटल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने वहीत तक्रार नीट लिहून घेतली. उपाय मात्र कंपनीकडून आलाच नाही.

तो आमच्याच जुन्या तंत्रज्ञाने सांगितला. पूड ॲसिडमध्ये रात्रभर झाकण सैल ठेवून फ्यूमहूडमध्ये (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) राहू द्यायची. सुरुवातीचा सगळा वायू तिथेच निघून जातो. सकाळी झाकण घट्ट करून तापमान हळूहळू चढवायचं. फाटणं जवळपास थांबलं. रनच्या आधी आणि नंतर व्हेसल वजन करणंही तेव्हापासून सक्तीचं केलं. एक टक्क्याहून जास्त घट दिसली की तो नमुना बाद. पारा मात्र या वाटेने मोजत नाही. रात्रभर सैल झाकणाखाली राहिल्यावर त्याचा भरवसा नाही.

इथपर्यंत मी मशीनला दोन तारे देणार होतो. पण दगडफुलाच्या त्या दिवसानंतर बीसीआर-४८२ हे प्रमाणित लायकेन लावलं. त्यात शिसं किलोला ४०.९ मिलिग्रॅम आणि ॲल्युमिनियम ११०३ मिलिग्रॅम असं प्रमाणित आहे. शिसं बरोबर जुळलं, ॲल्युमिनियम कमी आलं. व्हेसलच्या तळाशी पांढुरके कण तसेच होते. त्याचं खापर मशीनवर फोडणं अन्याय होईल: ती धुळीतली सिलिकेट खनिजं आहेत, ॲल्युमिनियम त्यांतच अडकून राहतं, आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडशिवाय ती कुठल्याच मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण विरघळत नाहीत. हायड्रोफ्लोरिक वापरलं की बोरिक ॲसिडने ते मारायचं, नाहीतर धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्राची क्वार्ट्‌झ टॉर्च (गरम प्लाझ्माची नळी) खाल्ली जाते. आणि त्या ॲसिडची भीती वेगळीच, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

आमच्या कामात हे ॲल्युमिनियम महत्त्वाचं आहे. शिर्माकरला नाइसचा खडक, वारा सतत, त्यामुळे लायकेनवर धूळ बसलेलीच असते. धातूचं ॲल्युमिनियमशी प्रमाण काढून खडकातल्या प्रमाणाशी ताडलं की धूळ किती आणि बाहेरून आलेलं किती, ते कळतं. ॲल्युमिनियम कमी मोजलं गेलं, तर हा भागाकार फुगतो आणि संशोधन तळाच्या माथी नसलेलं प्रदूषण येतं. अशा प्रमाणांचे तक्ते बघताना मी आता आधी कोणतं ॲसिड वापरलंय ते बघतो.

बाकी मशीन उत्तम. रोटर अजून डगमगत नाही, तापमानाची नोंद विश्वासार्ह, ब्लँक (नमुना न घालता केलेले रन) स्वच्छ येतात (आम्ही पूड अगेट दगडाच्या खलात करतो, स्टीलच्या ग्राइंडरमधून क्रोमियम-निकेल येतं). तारे पाचपैकी साडेतीन. कापलेल्यातला अर्धा पाण्याच्या रनसाठी.

घेणार असाल तर डिस्क टेंडरमध्येच लिहून घ्या, निदान दोन वर्षं पुरतील इतक्या, दरासकट. आणि मशीन ताब्यात घेताना डेमो पाण्यावर नको, दगडफुलावर मागा. शंभर ग्रॅमची पुडी पुष्कळ होते.